बारा लाख चौतीस हजार पाचशे सदुसष्ट

मद्रासमधल्या पुरसवाक्कमच्या त्या घरात आम्हाला माडीवरच्या दोन खोल्या मिळाल्या त्या एकोणतिसाच्या पाढ्यावर. ह्यांची अंबत्तूरच्या कारखान्यातली नोकरी, बी.एस्सी.ची पदवी, साहेबांचं पत्र, यांतलं काहीही कामाला आलं नाही. घरमालक तिण्णैवर, म्हणजे रस्त्याकडेच्या खांबांच्या ओट्यावर, पंचा गुंडाळून उघड्या अंगानं बसले होते. पत्र त्यांनी हातातसुद्धा घेतलं नाही. आम्हा दोघांकडे आळीपाळीनं बघून म्हणाले, "एकोणतीस कोणास येतो?"

हे माझ्याकडे बघायला लागले. मी खाली मान घालून सुरुवात केली. आमच्या गावच्या मास्तरांनी तिसापर्यंत पाढे असे घोटून घेतले होते, की तापात बरळले तरी पाढेच बरळले असते. पण परक्या गावात, परक्या दारात, पदर सावरत पाढे म्हणायची वेळ कधी आली नव्हती. "एकोणतीस साती दोनशे तीन" म्हणताना आवाज फाटला. त्यांनी हात वर केला. "पुरे. आंत या. अक्का, किल्ली दे."

माझी शाळा सहावीच्या सहामाहीला सुटली. आई अंथरुणाला खिळली, दप्तर माळ्यावर गेलं आणि तिथंच राहिलं. बार्शीकडचं आमचं गाव. तिथून लग्नानंतर थेट मद्रास. शिकलेल्या माणसांसमोर मला कायम वाटायचं, की आता हे काहीतरी विचारणार आणि मी पकडली जाणार. पण विचारलं गेलं ते नेमकं मला येत होतं, तेच. त्या पाढ्याचे उपकार मी अजून विसरलेली नाही, आणि तो विचारणाऱ्याचेही.

सगळी गल्ली त्यांना मामा म्हणे, म्हणून आम्हीही मामा म्हणायला लागलो. ते तंजावरकडचे मराठी. घराणं पिढ्यान्‌पिढ्या तिकडेच रुजलेलं, त्यामुळे त्यांची मराठी आमच्या मराठीला कधीच सोडून गेलेली. 'मज', 'तुज', 'काय करितेस'. मध्येच 'बरं' म्हणायला 'सेरी', मध्येच 'अय्यो', आणि वाक्याच्या शेवटाला तमिळ हेल. पहिल्या दिवशी ऐकून मला हसू आलं आणि दुसऱ्या दिवशी रडू, कारण हे सकाळी सहाला घर सोडायचे ते दिवेलागणीला परत यायचे, आणि मधल्या वेळात मला कळेल असं बोलणारी उभ्या गल्लीत दोनच माणसं होती: मामा आणि त्यांची विधवा बहीण, अक्का. ही दोघं रागावली असती तर मला कावळ्यांशी बोलावं लागलं असतं. म्हणून मी बादली आपटत नसे, जिन्यावरून पाऊल वाजवत नसे, आणि मामा म्हणतील त्याला होय म्हणत असे.

तिसऱ्या दिवशी त्यांनी मला त्यांच्या अंकाची ओळख करून दिली. ओळखच म्हणते, कारण पाहुण्यासमोर घरातल्या वडीलधाऱ्याला आणावं, तशी त्यांनी पाटी पुढे केली. "एकापासून सातापर्यंत ओळीनें लिही. वाच."

"बारा लाख चौतीस हजार पाचशे सदुसष्ट."

"यांस," मामा म्हणाले, "कोणी भागू शकत नाही."

मी घाईनं मान डोलावली. कोणी भागायला आलं होतं का, हे विचारायचा धीर झाला नाही.

त्या अंकाला ते एकेरीत कधी बोलत नसत. "यांस नवांनी गुण. आठ मिळव. काय आलें?" मी पाटीवर करायची. एकाचे आठ आकडे ओळीनं उभे राहायचे, एक कोटी अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा. "आतां आठांनी गुण. सात मिळव." अठ्ठ्याण्णव लाख शहात्तर हजार पाचशे त्रेचाळीस, म्हणजे नवापासून तिनापर्यंत उतरता जिना. खुद्द अंकाचे सातही आकडे मिळवले की अठ्ठावीस, आणि अठ्ठाविसाला ज्यांनी ज्यांनी भाग जातो ते एक, दोन, चार, सात, चौदा, त्यांची बेरीज पुन्हा अठ्ठावीस. हे सगळं पोस्टमनलाही दाखवून झालं होतं. तो पत्र लांबूनच तिण्णैवर टाकायचा आणि "पोदुम अय्या, पोदुम" म्हणत, पुरे झालं म्हणत, सायकलवर टांग मारायचा.

घरात सगळं सात. खुंट्या सात, तांब्याच्या कळशा सात. अक्का सकाळी दारात कोलम, म्हणजे तिकडची रांगोळी, काढायची तेव्हा ठिपके मोजायला मामा काठी घेऊन उभे. "तुमचीं बोटें मोजा आधीं," अक्का म्हणायची, "तीं तरी सात आहेत काय!" इडल्या सातच. सहा खाऊन पोट भरलं, तरी सातवी चिमटीनं तोडून तोडून संपवायचे. आठवी मात्र अक्कानं कितीही आग्रह केला तरी नाही.

आयुष्यभर ते एका सरकारी दप्तरखान्यात नक्कलनवीस होते. जुने कागद उतरवून काढायचं काम. तिथली एक रीत त्यांच्या हाडात भिनली होती. पान संपलं की तळाच्या कोपऱ्यात पुढच्या पानाचा पहिला शब्द बारीक अक्षरात लिहायचा, आणि पुढचं पान पुन्हा त्याच शब्दानं सुरू करायचं. एखादं पान मध्येच गळालं तर लगेच कळतं. तळाचा शब्द नुसता राखणदार. तो वाचायचा नाही, मोजायचा नाही. मामांच्या घरात वाण्याची यादीसुद्धा याच रीतीनं लिहिली जायची. मला हे ठाऊक नव्हतं. अक्काच्या सांबाराच्या मसाल्याची कृती मी त्यांच्या वहीवरून करायला घेतली. पानाच्या तळाशी हिंग, पुढच्या पानावर पहिला हिंग. मी दोन्ही हिंग घातले. वास खाली पोचला आणि तिण्णैवरून गर्जना आली, "तळाचें घेतलेंस काय! तळाचें पुढल्या पानाचें, तें घ्यायाचें नाही!" ह्यांनी तो मसाला दोन महिने निमूट खाल्ला.

आम्ही तिथं राहायला गेलो त्याच वर्षी मामांच्या दोन्ही डोळ्यांतला मोतीबिंदू पिकला. डॉक्टरांनी ऑपरेशन ठरवलं. मामांनी ते पुढे ढकललं, कारण अंकाची तिसरी फेरी व्हायची होती.

दोन फेऱ्या त्यांनी स्वतः केल्या होत्या, पहिली तरुणपणी आणि दुसरी निवृत्तीनंतर. एका वहीत आकड्यांची यादी होती, एका पानावर तीस. एकेका आकड्यानं अंकाला भागून पाहायचं आणि काय उरतं ते ध्यानात ठेवायचं. अकराशे अकराच्या पुढे जायचं कारण नाही, असं ते म्हणायचे. पुढचा कोणी भागत असेल तर त्याचा जोडीदार अलीकडेच सापडला असता. तिसरी फेरी निर्वेध झाली की दाराशेजारी दगड बसवायचा होता. वर अंक, खाली एकच शब्द: अविभाज्य. पाथरवटाला सांगूनही ठेवलं होतं.

"ह्या गल्लींत मराठी वाचणार कोण?" अक्का म्हणाली.

"जो वाचील त्यास कळेल."

"अंक तुम्हांसारखेच. मूल ना बाळ."

"म्हणोनच तर आवडतात," मामा म्हणाले. अक्का पदरानं नाक पुसत आत गेली.

पण आता पाटीवरचं त्यांना दिसत नव्हतं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बाळे, भागाकार येतो?"

भागाकार मला येत होता. तेवढंच येत होतं.

वही जुनी दिसत होती, तरी मामा म्हणाले ही नवी. मूळ वही पहिल्या फेरीच्या आधीच वाळवीनं खाल्ली, तिच्यावरून ही उतरवली. मी उघडली. दोन, तीन, पाच, सात, अकरा, तेरा. मला चार दिसेना, नऊ दिसेना. पुढे एकवीस नाही, सत्तावीस नाही, एक्कावन्न नाही. हे आकडे मुद्दाम वगळलेले असतात, एकट्या, म्हणजे ज्यांना दुसरा कोणी भागत नाही अशा आकड्यांनी भागलं की बाकीच्यांचं काम आपोआप होतं, हे सातवीत शिकवत असतील. मी सहावीतली. मला वाटलं, मधले आकडे वाळवीनं खाल्ले आणि उतरवताना म्हाताऱ्याच्या लक्षात आलं नाही. हे त्यांना सांगणार कोण? मग मी ठरवलं, यादीतले त्यांच्यासमोर करायचे आणि खाल्लेले वर स्वयंपाकघरात गुपचूप करायचे. कामात भोक नको. सम आकड्यांनी जात नाही एवढं मला कळत होतं, ते सोडले. पाचानं संपणाऱ्यांनीही जात नाही हे कळत होतं, पण ते केले. राहून गेलं असं व्हायला नको.

दुपारी जेवणं झाली की मी पाटी घेऊन तिण्णैवर बसायची. "तेरा?" "नऊ उरतात, मामा." "बरोबर. सतरा?" "दहा." "बरोबर." मागच्या दोन फेऱ्यांतल्या बाक्या त्यांना तोंडपाठ होत्या. रोज दहा व्हायचे. तिसऱ्या दिवशी एकशे तेरापर्यंत आलो, बेचाळीस उरले, आणि पहिलं पान संपलं.

त्याच संध्याकाळी मी वर मधले आकडे घेऊन बसले. एकशे पंधरा केला, तर पुन्हा बेचाळीस. एकशे तेराचेही बेचाळीस, पंधराचेही बेचाळीस. घाबरून दोनदा केलं, बरोबर होतं. सतराला शंभर. एकोणीसला एकसष्ट. एकवीसला चार. तेवीसला सोळा. पंचवीसला सदुसष्ट. मग एकशे सत्तावीस.

काही उरेना.

पाटी पुसून पुन्हा केलं. मग कोळशानं जमिनीवर केलं. मग भाजीची परात बाजूला सारून ह्यांच्या पेन्सिलीनं वर्तमानपत्राच्या कडेला केलं. भात करपल्याचा वास आला तेव्हा चौथ्यांदा शून्य आलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी खाली गेले. मामांनी विचारलं, "एकशे एकतीस?" मी म्हणाले, "तेवीस." ते म्हणाले, "बरोबर." आणि मी पुढे चालू ठेवलं. त्या दिवशी बोलले नाही, मग दुसऱ्या दिवशी बोलणं आणखी अवघड झालं, आणि असे पंधरा दिवस गेले. अक्का मला शेवग्याच्या शेंगा निवडायला बोलवायची, वेणी घालून द्यायची, आणि मला वाटायचं, हे सगळं आता थोड्या दिवसांचं. म्हाताऱ्याच्या जन्माच्या अंकाला मी भागलं हे कळलं की हा माणूस माझ्याशी बोलणार नाही. मग कावळेच.

ह्यांना सांगितलं. ह्यांनी स्वतः भागून पाहिलं आणि डोकं खाजवलं. "जातोय खरा. पण तू कशाला बोलतेस? म्हातारा खूश आहे. ऑपरेशन होऊ दे."

"आणि दगड?"

"दगडाला काय कळतंय."

"मला कळतंय ना," मी म्हणाले. "रोज त्याच दारातून पाणी आणायचं आहे."

शेवटचा आकडा अकराशे नऊ. अडीचशे उरले. "बरोबर!" मामांनी मांडीवर थाप मारली. "अक्का, कॉफी टाक! उद्या पाथरवट येऊं दे, परवां डोळे कापूं देत. झालें!"

"मामा," मी म्हणाले, "एक राहिलाय."

"कोणता?"

"एकशे सत्तावीस."

ते हसले. "सेरी. काय उरतें?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे किती?"

"शून्य, मामा."

आत अक्काचा बत्ता थांबला. मामांचे पांढरट डोळे माझ्या दिशेनं फिरले. मला वाटलं, आता उठतील. ते म्हणाले, "मोठ्यानें भाग."

मी भागायला लागले. एकशे सत्तावीस नव्वे अकराशे त्रेचाळीस, बाराशे चौतिसातून गेले, राहिले एक्क्याण्णव. पाच उतरवले, नऊशे पंधरा. साती आठशे एकोणनव्वद, राहिले सव्वीस. सहा उतरवले, दोनशे सहासष्ट. दुणे दोनशे चौपन्न, राहिले बारा. सात उतरवले, आणि झाले एकशे सत्तावीस. माझा आवाज एकोणतिसाच्या पाढ्यासारखा फाटला. पुढची पायरी मामाच बोलले, अगदी हळू: "एकशें सत्तावीस एकं एकशें सत्तावीस."

मग त्यांनी विचारलं, "वहींत आहेत?"

मी पान उघडून पाहिलं. "आहेत. पहिल्या पानाच्या तळाला. बारीक अक्षरात."

"आणि पुढल्या पानावर पहिले कोण?"

"एकशे एकतीस."

तळाशी राखणदार बसवला आणि पुढच्या पानावर तो घ्यायचाच राहिला. वही उतरवताना एवढंच झालं होतं. दोन्ही फेऱ्यांत मामांनी तो आकडा पाहिला होता आणि तळाचा म्हणून ओलांडला होता.

मामांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत. मी पाटी टाकून उठले, तर ते हसत होते. "अक्का! चाळीस वर्षें दप्तरांत पोरांस ओरडलों, तळाचें घेऊं नका, तळाचें घेऊं नका! घेऊं नका म्हणतां म्हणतां मींच घेतलें नाही!"

अक्का दारात आली. "मग हे एकटे नव्हेत?"

"नव्हेत. एकशें सत्तावीस, आणि दुसरे कोण गे?"

"नऊ हजार सातशे एकवीस," मी म्हणाले.

"दोघे आहेत," मामा अक्काला म्हणाले, आणि मग बऱ्याच खालच्या आवाजात, "बरें झालें." थोड्या वेळानं त्यांनी बोटं मोजली. एक, दोन, चार, आठ, सोळा, बत्तीस, चौसष्ट. "सात पायऱ्या! मिळव. एकशें सत्तावीस! पाहा, घरांतलेंच माणूस."

मी तोपर्यंत रडायला लागले होते. ते म्हणाले, "तूं कां रडतेस? मज भय तुजहून जुनें. कोठें चुकलों असेन, कोठें चुकलों असेन, म्हणोन तर तिसरी फेरी. आतां कळलें कोठें. आज झोंप येईल."

मग त्यांच्या ध्यानात आलं. "पण तळाचा तर तूंही घेतला नसशील. मग भागलेंस कशास?"

मला सांगावंच लागलं: वाळवी, खाल्लेले आकडे, स्वयंपाकघरातली चोरटी पाटी, सगळं. ऐकून मामा इतके हसले की कवळी सुटून मांडीवर पडली. त्या दिवसापासून मी त्यांच्या तोंडी वाळवी झाले. "वाळवे, खालीं ये." "वाळवे, कॉफी घे." पुढे आमची बदली झाल्यावरही पोस्टकार्डावर मायना असायचा, 'चिरंजीव वाळवीस अनेक आशीर्वाद', आणि तळाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात मागच्या बाजूचा पहिला शब्द. तो शब्द मागच्या बाजूला आहे की नाही, हे मी आधी बघत असे.

पाथरवट दुसऱ्या दिवशी आला. दगडावर वर अंक आणि खाली '127 × 9721' कोरलं. त्याला वाटलं दाराचा नंबर आहे, आणि एवढा मोठा नंबर असलेल्या रस्त्याचं त्याला फार कौतुक वाटलं. पोस्टमननं तर सायकल थांबवली नाही.

ऑपरेशन झालं. मामा आठवडाभर डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून उताणे पडून होते. पट्टी निघाली, जाड भिंगांचा चष्मा आला, आणि घरी आल्यावर त्यांनी सगळ्यांत आधी पाटी मागवली. मी तो भागाकार पुन्हा स्वच्छ मांडून ठेवला होता. त्यांनी पाटी नाकाशी धरून वरपासून खालपर्यंत वाचली. "सातांस शेपटी फार लांब काढितेस," म्हणाले.

मला इतकं बरं वाटलं की मी सातांच्या शेपट्या तिथल्या तिथे पुसायला लागले.

"राहूं दे. आतां नवा घे. सातापासून एकापर्यंत, उलटे. शहात्तर लाख चौपन्न हजार तीनशें एकवीस. ह्यांस कोणी आहे काय, पाहा."

मी वर आले. तांदूळ धुऊन भात चुलीवर ठेवला आणि बसले. तीन, सात, अकरा, तेरा, सतरा. मधलेही केले, सवयीनं. एकोणिसाला काही उरलं नाही. या वेळी मी दुसऱ्यांदा करून पाहिलं नाही, ह्यांची वाट पाहिली नाही. भात उतू चालला होता तो तसाच टाकून, हातात पाटी घेऊन, जिन्यावर पावलं वाजवत खाली पळाले. "मामा, एकोणीस! एकोणीस जातो!"

"जातो?" मामा म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर मोठं आश्चर्य होतं. इतकी वर्षं त्या अंकासोबत राहिलेल्या माणसानं तो कधी उलटा करून पाहिला नसेल, हे मला आजही खरं वाटत नाही.